दारव्ह्याच्या वाटेवरचा तलाव आणि दम न धरणारा लोडर

यवतमाळहून दारव्ह्याकडे वैशाखात प्रवास करावयाचा तर सकाळी लवकर निघावे. लोहारा मागे पडले की शहराची गर्दी संपते आणि दोन्ही बाजूंना माळ उघडा होतो. पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात, वखरणी झालेली असते, मधूनच शेणखताचे ढीग दिसतात. कडुनिंब तेवढा हिरवा. एरवी सगळा रंग मातीचा. जरा लक्ष देऊन पाहिले तर ही मातीसुद्धा एक रंगाची नाही हे ध्यानात येते. नाल्याकाठी ती काळीभोर व भेगाळलेली असते, चढावर गेले की भुरकट होते, आणि माथ्यावर तर मुरूमच वर आलेला असतो. वरच्या शेताची माती पावसागणिक खालच्या शेतात, तेथून नाल्यात आणि नाल्यातून तलावात जाते. आपल्या जिल्ह्याच्या शेतीचे अर्धे दुःख या एका वाक्यात सांगता येते.

याच मुलुखातून शकुंतला नावाची छोटी आगगाडी धावत असे. कापूस वाहून नेण्यासाठी ही अरुंद लोहमार्गाची वाट विसाव्या शतकाच्या आरंभी घातली गेली. यवतमाळ ते मूर्तिजापूर हे सुमारे ११३ किलोमीटरचे अंतर ती दारव्हा आणि कारंजा करीत कापी. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन १९२३ पासून या गाडीला जुंपले गेले आणि सत्तर वर्षे त्याने ती ओढली. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले. आता गाडीच बंद आहे. दारव्ह्याचे मोतीबाग स्टेशन मात्र जुन्या मंडळींच्या बोलण्यात अजून येते. वाफेचे इंजिन सत्तर वर्षे चालले याचे नवल लोक सांगतात. ते चालले, कारण रोज कोणीतरी त्याची राख काढीत होते, तेल घालीत होते, सांधे तपासत होते. लोखंडाला वय असते, पण निगा राखली तर ते वय लांबते. बोरी अरब, लाडखेड या भागात फिरताना प्रत्येक गावच्या विहिरीवर एखादे जुने ऑईल इंजिन झाकून ठेवलेले दिसते, ते हीच गोष्ट सांगते.

गेल्या उन्हाळ्यात या रस्त्यापासून आत असलेल्या एका गावी माझे जाणे झाले. काम होते गाळाचे. गावाच्या वरच्या अंगाला एक जुना पाझर तलाव आहे. चाळीस-पंचेचाळीस पावसाळ्यांचा गाळ त्यात साठलेला. पूर्वी फेब्रुवारीपर्यंत खालच्या विहिरींना पाणी राही, आता दिवाळीनंतर महिनाभरात तलावाचा तळ दिसू लागतो. राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे. तलावातला गाळ काढावयाचा आणि तो शेतकऱ्यांनी आपल्या शेतात नेऊन टाकावयाचा, असा तिचा साधा अर्थ. यात दुहेरी लाभ आहे. तलावात पाणी मावते आणि शेताला अंग येते.

परंतु गाळ म्हणजे सर्वांना सारखे औषध नव्हे. ज्याची जमीन हलकी, मुरमाड, पाणी न धरणारी आहे, त्याला गाळाचा खरा उपयोग. गाळात चिकणमातीचे बारीक कण असतात. ते ओल धरून ठेवतात आणि दिलेले खत वाहून जाऊ देत नाहीत. भारी काळ्या जमिनीवर तोच गाळ टाकला तर निचरा आणखी बिघडतो व कपाशी पिवळी पडते. म्हणून गाळ आणि शेत या दोहोंची माती तपासून घ्यावी, चोपण किंवा खारवट गाळ उचलू नये, आणि टाकलेला गाळ वखराने जमिनीत मिसळून घ्यावा. ढीग तसाच ठेवला तर पहिल्या जोरदार पावसात तो आला त्या वाटेने परत जातो.

या गावात नेमका हाच धोका उभा राहिला होता. खोदाईचे मोठे मशीन गावाला आठ दिवसांपुरते मिळाले होते. त्याने गाळ उकरून तलावाच्या काठाशी लांबलचक ढीग घातला आणि ते पुढच्या गावी गेले. ढिगावरून ट्रॉल्या भरण्याचे व शेतात गाळ पसरण्याचे काम गावातल्या दोन भावांच्या लोडरवर सोपवलेले होते. अकरा कुटुंबांच्या हलक्या जमिनीचा प्रश्न होता. मे महिन्याचा तिसरा आठवडा लागला होता. २५ मेला रोहिणी निघणार, पुढे पंधरा दिवसांत मृग. आणि लोडर बंद पडला होता.

हा लोडर म्हणजे काय चीज आहे, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खोलीएवढ्या जागेत मावणारे हे चार चाकांचे ठेंगणे मशीन असते. पुढे बकेट, मध्ये पिंजऱ्यासारखी बसण्याची जागा, मागे इंजिन. याची पुढची चाके ट्रॅक्टरसारखी वळत नाहीत. डाव्या बाजूची दोन चाके एका हाती आणि उजव्या बाजूची दोन दुसऱ्या हाती चालतात. एक बाजू पुढे व दुसरी मागे फिरवली की मशीन जागच्या जागी गरकन वळते. आपल्याकडे लोक याला सरसकट ‘बॉबकॅट’ म्हणतात, मग पाटी कोणत्याही कंपनीची असो.

या मशीनचा जन्म शेतकऱ्याच्याच अडचणीतून झाला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाच्या खेड्यात लुई व सिरिल केलर या दोन भावांचे लोहारकाम व दुरुस्तीचे दुकान होते. तेथल्या एका शेतकऱ्याकडे टर्की हे कोंबडीसारखे पण मोठे पक्षी पाळलेले होते. गोठ्याच्या आत खांबांच्या दाटीत शिरून घाण काढील असे लहान मशीन त्याला हवे होते. केलर बंधूंनी १९५७ साली तीन चाकांचा छोटा लोडर बनवून दिला. पुढे मेलरो नावाच्या कंपनीने तो हाती घेतला, १९६० साली चार चाकांचे मशीन निघाले आणि १९६२ मध्ये त्याला बॉबकॅट हे नाव मिळाले. हे मशीन कोण्या मोठ्या कारखान्याच्या नकाशावर जन्मलेले नाही. गावच्या दुकानात, गिऱ्हाइकाची गरज पाहून, दोन भावांनी ते घडवले.

आपल्या गावचे दोन भाऊ काही कारागीर नव्हेत. सात एकर कोरडवाहू जमीन, एक बैलजोडी, आणि जोडधंदा म्हणून घेतलेला हा तिसऱ्या हाताचा लोडर. त्यासाठी सोसायटीचे नव्हे, पाहुण्यांचे पैसे उचललेले. मी पोहोचलो तेव्हा मशीन ढिगाच्या तोंडाशी बकेट टेकवून उभे होते आणि तीन ट्रॅक्टर रिकाम्या ट्रॉल्या घेऊन निंबाच्या सावलीत थांबले होते.

थोरला भाऊ म्हणाला, “साहेब, चालू तं एका चावीत होते. वीस मिन्टं मस्त काम करते, अन् मंग हळूहळू दम सोडते. रेस देऊन काई फायदा नाही. मुंडीच टाकते.”

तालुक्याच्या बाहेरच्या एका दुकानदाराला त्यांनी आधीच दाखवले होते. त्याने मशीन चालवून न पाहताच सांगितले की इंजिन बसले, लायनर-पिस्टन बदलून ते पुरते बांधावे लागेल, साठ-सत्तर हजार धरून चला. शिवाय पंधरा दिवस. पंधरा दिवसांनी पाऊस. घरात दागिने मोडण्याची भाषा सुरू झाली होती. धाकटा भाऊ त्याच विचाराचा होता. म्हातारे वडील मात्र बाजेवरून म्हणाले, “आधी पाह्य नं, त्याले दानापानी बराबर भेटते का नाही. बैल बसला म्हनून कोनी लगेच बजारात नेते काय?” या गृहस्थांनी विहिरीवरचे हँडल मारण्याचे ऑईल इंजिन तीस वर्षे चालवलेले होते.

दारव्ह्याला माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. पंप, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, जे येईल ते करतात. त्यांना बोलावले. ते दुपारी दोनच्या उन्हात मोटारसायकलवर आले. त्यांनी पेटी उघडण्याआधी अर्धा तास केवळ प्रश्न विचारले. हा अर्धा तासच खरा कामाचा होता. म्हणून तो मी येथे क्रमाने देत आहे. हाच क्रम शेतावरच्या कोणत्याही डिझेल इंजिनला लागू पडतो.

डिझेल इंजिनचे गणित मुळात सोपे आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली पहिले यशस्वी इंजिन चालवून दाखवले, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यावयाची आणि पिस्टनने ती इतकी दाबावयाची की ती दाबानेच कमालीची तापते. अशा तापलेल्या हवेत नोजलमधून डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटते. ठिणगी लागत नाही. म्हणजे इंजिनला तीनच गोष्टी हव्यात : स्वच्छ हवा, स्वच्छ डिझेल आणि पुरेसा दाब, ज्याला मिस्त्री लोक कॉम्प्रेशन म्हणतात. इंजिन रुसले की या तिघांपैकी कोण कमी पडले, एवढेच शोधावयाचे असते.

मिस्त्रींचा पहिला प्रश्न : “बंद पडताना धूर कसा टाकते?”

“धूर टाकतच नाही. सायलेन्सर कोरडं राह्यते.”

दुसरा प्रश्न : “बंद पडल्यावर किती वेळानं चालू होते?”

यावर दोघे भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. कोणी घड्याळ पाहिले नव्हते. तेव्हा थोरल्या सूनबाई दारातून बोलल्या, “मशीन बंद पडलं का मंडळी सावलीत येते, मंग मी चहा मांडते. चहा होऊन, पेले धुवून होत नाही तं ते चालू झालेलं असते. रोज असंच.”

मिस्त्री म्हणाले, “वहिनी, अर्धं काम तुमी केलं.”

आता या दोन उत्तरांचा अर्थ पाहा. काळा धूर असता तर हवा कमी पडते, किंवा इंजिनवर पेलण्यापलीकडे भार येतो, असे समजले असते. मग हवेची जाळी पाहावी लागली असती, किंवा हायड्रॉलिकचा पंप जाम होऊन इंजिनला दाबतो का ते तपासावे लागले असते. निळा धूर म्हणजे इंजिनचे ऑईल जळते, रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या बाजूने ते वर येते. पांढरा धूर म्हणजे डिझेल न पेटता बाहेर जाते, किंवा हेड गॅसकेटमधून पाणी आत शिरते. यातले येथे काहीच नव्हते. कोरड्या सायलेन्सरने मरणारे इंजिन बहुधा उपाशी मरते. त्यातही वीस मिनिटे चालते, पाव-अर्धा तास थांबले की पुन्हा एका चावीत सुरू होते, याचा अर्थ दाब शाबूत आहे. झिजलेले इंजिन इतक्या सहज उठत नाही.

खात्रीसाठी मिस्त्रींनी इंजिन सुरू करून ऑईल भरण्याचे झाकण काढले. रिंगा गेलेल्या इंजिनमध्ये तेथून भसाभसा वाफ येते. येथे नावालाच हलकी फुंकर होती. डिपस्टिकवरचे ऑईल काळे होते, पण त्यात पाण्याची दुधाळ छटा नव्हती. रेडिएटरचे पाणी पुरेसे होते. म्हणजे बांधणीचा खर्च तेथेच टळला. मिस्त्री बोलले ते मला फार पटले. “खोलनं सोपं असते, साहेब. बंद करनं महाग पडते.”

मग डिझेलच्या वाटेचा शोध सुरू झाला. फिल्टर दोनदा बदललेला होता, तरी फरक नव्हता. तेव्हा अडथळा फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला असावा. प्रथम टाकीचे झाकण सैल केले. झाकणाला हवा घेण्याचे बारीक छिद्र असते. ते बुजले की डिझेल कमी होत जाते तशी टाकीत पोकळी होते व पंपाला डिझेल ओढता येत नाही. झाकण सैल ठेवून मशीन भाराखाली चालवले. वीस मिनिटांनी पुन्हा मुंडी टाकली. म्हणजे दोष झाकणाचा नव्हता.

नंतर त्यांनी दहा लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेले डिझेल घेतले आणि पारदर्शक नळीने ते थेट फीड पंपाला जोडले. एक बारीक गोष्ट येथे शिकण्यासारखी होती. कॅन त्यांनी वर टांगला नाही, टाकीच्याच उंचीवर ठेवला. वर टांगला असता तर डिझेल आपल्या वजनाने खाली उतरले असते आणि फीड पंपाची परीक्षा झाली नसती. फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करून, फीड पंपाची कळ हाताने मारून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली, स्क्रू कसला आणि मशीन ढिगात घातले. वीस मिनिटे झाली, तीस झाली, चाळीस झाली. सहा ट्रॉल्या भरल्या. पारदर्शक नळीत एकही बुडबुडा नव्हता. फीड पंप, नोजल, इंजिन, सारे निर्दोष ठरले. गुन्हेगार टाकीत होता.

टाकीतले डिझेल खालच्या बुचातून काढले तेव्हा तळाशी पाणी, गंज आणि तपकिरी चिखल निघाला. डिझेल ओढणारी नळी बाहेर काढली, तर तिच्या तोंडच्या जाळीला राखी रंगाचा ओला गुंडाळा चिकटलेला. हाताने पिळून उन्हात धरला तेव्हा कळले की ती कुजलेली चिंधी आहे. पूर्वीच्या कोणा मालकाच्या हातून टाकीचे झाकण हरवले असावे आणि त्याने तोंडात सुती बोळा कोंबला असावा. बोळा आत पडला, विरला, त्याचे धागे झाले. मशीन चालू असले की ओढीने धागे हळूहळू जाळीवर जमत आणि वाट बंद करीत. मशीन थांबले की ओढ संपे, धागे सुटून पुन्हा तळाशी जात. चहा होऊन पेले धुण्यास लागणारा वेळ तो हाच! कापसाच्या मुलुखात कापसानेच इंजिनचा गळा धरला होता.

टाकी डिझेलने तीनदा विसळली. टाकीपासून पंपापर्यंतची रबरी नळी वाकवताच तिला बारीक भेगा दिसल्या, म्हणून तीही बदलली. दोन क्लॅम्प, एक फिल्टर, तांब्याचे चार वॉशर आणि मिस्त्रींची मजुरी, सारे मिळून दोन हजारांच्या आत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काम सुरू झाले. त्या रात्री दागिन्यांचा डबा पुन्हा कपाटात ठेवला गेला, असे सूनबाईंनी नंतर हसत सांगितले.

शेतकरी बंधूंनो, असली मशीने आता आपल्या जिल्ह्यात वाढणार आहेत. शेतावर मजूर मिळत नाहीत आणि नवे मशीन परवडत नाही. तेव्हा जुने घेणे ओघानेच येते. घेताना रंग पाहू नका. इंजिन पूर्ण थंड असताना ते आपल्यासमोर सुरू करावयास सांगा. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन सगळे दोष झाकते. मग अर्धा तास भाराखाली चालवून पाहा, धुराचा रंग पाहा, टाकीत टॉर्चच्या उजेडात डोकावून पाहा. टॉर्च बाहेरून धरावी. काडी मुळीच ओढू नये.

रोजच्या निगेसाठी चार गोष्टी पुरेशा आहेत. डिझेल भरताना गाळणी आणि स्वच्छ मलमल वापरावी. आपली डबकी बहुतेक वेळा खताच्या किंवा औषधाच्या खोलीत पडलेली असतात, ती डिझेलसाठी वेगळी ठेवावी. संध्याकाळी काम संपले की टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीच्या आत रात्रीच्या गारव्याने दव धरते आणि ते पाणी तळाशी साठते. आठवड्याला टाकीखालचे व फिल्टरखालचे बूच सैल करून पेलाभर डिझेल काढावे, पाणी असेल तर त्यात दिसते. गाळाच्या आणि मळणीच्या दिवसांत हवेची जाळी रोज पाहावी. या लोडरचे इंजिन मागे पेटीसारखे बंद असते, त्यामुळे रेडिएटरवर भुसा व धूळ लवकर बसते. ती रोज झटकावी, नाहीतर इंजिन तापते.

आणखी एक गोष्ट खर्चाची नाही, जिवाची आहे. लोडरचे वर उचललेले हात केवळ तेलाच्या दाबावर उभे असतात. नळी फुटली की ते क्षणात खाली येतात. त्यांच्याखाली डोके घालून काम करू नये. बकेट जमिनीला टेकवावी, इंजिन बंद करून चावी खिशात ठेवावी. हात वर ठेवणे अगदीच भाग असेल तर कंपनीने दिलेला लोखंडी आधार लावल्याशिवाय खाली जाऊ नये. आमच्या मिस्त्रींनी आल्या आल्या पाना हातात घेण्याआधी हेच केले. तसेच नोजलची किंवा हायड्रॉलिकची नळी गळते का हे बोटाने चाचपू नये. सुईसारख्या धारेचे तेल कातडीतून आत शिरते. वरून ठिपका दिसतो, आत बोट सडू लागते. पुठ्ठ्याचा तुकडा समोर धरून पाहावे आणि तसे तेल शिरलेच तर दुखण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. डिझेलच्या टाकीला, ती रिकामी असली तरी, वेल्डिंग करू नये. आणि चालकाखेरीज कोणी, विशेषतः मुले, मशीनच्या मागे फिरू नयेत. जागच्या जागी वळणाऱ्या मशीनला मागचे दिसत नाही.

जुन्या विहिरीवरच्या इंजिनांनी आपल्या वडीलधाऱ्यांना एक शहाणपण दिले होते. पुण्याची किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली सुरू झाली. पुढच्या पिढीत खेडोपाडी ती इंजिने पोहोचली आणि हँडल मारणारा, हवा काढणारा, नोजल पुसणारा शेतकरी तयार झाला. मग विजेचे पंप आले. बटण दाबले की पाणी, त्यामुळे ते ज्ञान मागे पडले. आज घरोघर ट्रॅक्टर, फवारणीचे पंप, मळणीयंत्रे आहेत, पण आवाज ऐकून दोष सांगणारे कान कमी झाले आहेत. गावातल्या दहावी-बारावी झालेल्या मुलाने जवळच्या आय.टी.आय.मधून डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम केला, तर त्याला पुण्याला जावयाची गरज नाही. दारव्हा, दिग्रस, आर्णी, घाटंजी या एकेका तालुक्यात त्याला पुरेल एवढे काम आहे. आणि घरातल्या बायाबापड्यांना यंत्रातले काय कळते, असे ज्यांना वाटते, त्यांनी वरची चहाची हकीकत पुन्हा वाचावी.

त्या गावचा गाळ मृगाच्या आधी दोन दिवस उचलून संपला. अकरापैकी नऊ जणांच्या शेतात तो वखरून मिसळला गेला. दोघांची जमीन तपासणीत भारी निघाली, म्हणून त्यांच्या वाट्याचा गाळ शेजारच्या मुरमाड तुकड्यावर गेला. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मी नव्या गाळाच्या शेतात पायाने माती दाबून पाहिली. बांधापलीकडचे न भरलेले शेत दुसऱ्या दिवशीच वाळले होते, येथे मात्र चौथ्या दिवशीही टाच ओलीत बसत होती. तेथे त्यांनी कपाशीत तुरीच्या ओळी धरल्या. लोडर गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभा होता. त्याच्या टाकीला नवे झाकण होते आणि ते हरवू नये म्हणून म्हाताऱ्या बाबांनी ते तारेने टाकीला बांधून ठेवले होते.